अंगणवाडीतली गोंडी, माडिया, कोरकू आणि कोलामी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेळघाटापासून भामरागडापर्यंतच्या सेविका, मदतनीस, आईबाप, पहिलीचे गुरुजी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्याकडून अंगणवाडीत मुलांच्या घरच्या भाषेत बोलण्याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. कोणी फोनवर विचारतं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर, कोणी बैठक संपल्यावर चहा घेताना. ते इथे एका जागी केले आहेत. जमेल तिथे प्रश्न विचारणाऱ्याच्याच बोलीत ठेवलाय. सगळं सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अंगणवाडीत घरची भाषा आणायची म्हणजे करायचं काय? रोज गोंडीचा तास घ्यायचा का?

तास नको. तास ठेवला की भाषेचा विषय होतो आणि विषय घंटेबरोबर संपतो. हात धुवायला लावताना, ताट वाढताना, भांडण सोडवताना, पडलेल्या पोराला उचलून घेताना बाई जे काही बोलते, ते मुलाच्या घरच्या भाषेत बोलायचं. पाणी हवं असेल तर गोंडी लेकराला ‘येर’ म्हणता आलं पाहिजे, कोरकू लेकराला ‘डा’, आणि समोरच्या बाईला ते पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे. घर सोडून पहिल्यांदा बाहेर बसलेल्या तीन वर्षांच्या पोराला तहान लागली हे सांगता येत नसेल, तर भिंतीवरच्या रंगीत अक्षरांचा त्याला काय उपयोग? गाणी, गोष्टी, खेळ हे सगळं त्यानंतर.

२. हे नेमकं कोणत्या भाषांसाठी आहे? या मराठीच्याच बोली ना?

नाहीत. गोंडी, माडिया आणि कोलामी द्रविड कुळातल्या आहेत, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या नात्यातल्या. कोरकू मुंडा कुळातली. तिचं गणगोत झारखंडाकडे, संथाली आणि मुंडारी. विदर्भात गोंडी गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, नागपूर अशी पसरलेली आहे, माडिया मुख्यतः भामरागड-एटापल्लीकडे, कोरकू धारणी-चिखलदऱ्यात, आणि कोलामी यवतमाळ-चंद्रपुरात व थोडी वर्ध्यात.

२०११ च्या जनगणनेत देशभरातून गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख होते, कोरकू सुमारे ७.३ लाख आणि कोलामी सुमारे १.३ लाख. गोंडीचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका, ती अनेक राज्यांत विखुरलेली आहे. शिवाय जनगणना मातृभाषा विचारते, घरातलं चार वर्षांचं पोर ती बोलतं का हे विचारत नाही. भाषेची तब्येत त्या पोरावरून कळते. वर्धा-नागपूरच्या सपाटीवरच्या कित्येक गोंड घरांत आडनाव, देव, लग्नातले विधी सगळं शाबूत आहे आणि बोलणं मात्र पूर्ण मराठी झालंय.

३. पोराले गोंडीच बोलाले लावलं त मराठी कवा येईन? पहिलीत मांगं नाही पडणार?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो अडाणीपणाचा नाही. ज्या आईबापांनी स्वतः आश्रमशाळेत भाषेवरून हसू सोसलंय, ते पोराला त्यातून वाचवू पाहतात.

मोहफुलं मोजताना ‘उंदी, रंड, मूंद’ करत ज्या पोराला पाच म्हणजे काय हे कळलं, त्याला मराठीत पाच हा फक्त नवा शब्द शिकायचा असतो. मोजणं पुन्हा शिकावं लागत नाही. गोष्टीत आधी काय झालं, नंतर काय झालं, कोणी कोणाला फसवलं, हे ज्याला घरच्या भाषेत सांगता येतं, त्याला मराठीतही लवकर सांगता येतं. उलट घरची भाषा तिसऱ्या वर्षीच तोडली आणि मराठी अजून आली नाही, तर मूल मधेच लटकतं. वर्गात मान हलवणारी, ‘हो बाई’ म्हणणारी आणि काहीच न कळलेली पोरं कशी दिसतात, हे पहिलीच्या गुरुजींना सांगायला नको.

पण आईबापांच्या भीतीत एक गोष्ट खरी आहे. अंगणवाडीत मराठी शून्य आणि पहिलीत एकदम सगळं मराठी, असं झालं तर मूल अडखळणारच. म्हणून पाचव्या वर्षापासून रोज थोडा वेळ तोंडी मराठी हवी. सोपी पद्धत अशी : जी गोष्ट मुलांना घरच्या भाषेत पाठ झाली आहे, तीच आता मराठीत सांगायची. कोल्हा काय करणार हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे सगळं लक्ष शब्दांवर जातं. अक्षरांची घाई नको.

कायदाही याच बाजूने आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगणारं संविधानाचं कलम ३५०-क १९५६ पासून आहे, शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषा म्हणतो, आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही. कागदाची कधीच कमी नव्हती.

४. घरी आम्ही बोलतोच की. मग अंगणवाडीत तेच कशाला?

कारण कोणत्या भाषेला कुठे किंमत आहे, हे पोर फार लवकर ओळखतं. घरात एक भाषा आणि ताई, फळा, खाऊ, वजनकाटा या सगळ्या ‘मोठ्या’ गोष्टींच्या जागी दुसरी, असं दिसलं की सहा महिन्यांत ते आजीलाही मराठीत उत्तर द्यायला लागतं. भामरागडकडच्या आतल्या गावात हे हळू होतं. परतवाड्याच्या रस्त्यावरच्या गावात फार पटकन. तुमच्या घरात भाषा पक्की असेल तर अंगणवाडीत ती टिकवण्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही. घरातून गेल्यावर परत आणणं किती महाग पडतं, ते पुढच्या उत्तरात आहे.

५. आमच्या घरी फक्त आजीले येते. आम्हाले समजते, पण बोलता येत नाही. आता उशीर झाला का?

झालाय, पण वेळ गेलेली नाही. हीच अवस्था न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांची होती. आजीआजोबा बोलणारे, मधली पिढी शाळेत मार खाऊन गप्प झालेली, नातवंडं इंग्रजीत. त्यांनी १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाटा इथे पहिलं ‘कोहांगा रेओ’ म्हणजे भाषेचं घरटं उघडलं. शाळेच्या वयाखालची मुलं आणि भाषा येणारी म्हातारी माणसं दिवसभर एकत्र, आणि त्या दाराच्या आत फक्त माओरी. सरकारी योजना येईल म्हणून कोणी थांबलं नाही. कुटुंबांनी पुढाकार घेतला आणि काही वर्षांत अशी शेकडो घरटी झाली. माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला १९८७ मध्ये, म्हणजे घरट्यांच्या नंतर.

हवाईतही तसंच झालं. तिथल्या शाळांतून हवाईयन १८९६ च्या कायद्याने बाहेर गेली होती. पालकांनी १९८४ मध्ये ‘पूनाना लेओ’ हे बालवर्ग सुरू केले आणि शाळेतली बंदी १९८६ मध्ये उठली.

त्यांच्याकडून दोन गोष्टी जशाच्या तशा उचलता येतात. पहिली, मधल्या पिढीलाही सोबत शिकायला बसवायचं. ‘समजते पण बोलता येत नाही’ म्हणणारी आई शून्यावर नसते. तिच्या आत भाषा आहे, जीभ आखडलेली आहे. पोराशी रोजची पाच-सहा वाक्यं ती बोलायला लागली की बाकीचं हळूहळू सुटतं. लोक हसतील ही भीती मोठी असते, म्हणून सुरुवात तान्ह्या बाळाशी करा, ते हसत नाही. दुसरी गोष्ट, पाच वर्षांवर थांबायचं नाही. घरट्यातून निघालेली मुलं इंग्रजी शाळेत गेली की भाषा गळायला लागली, म्हणून माओरी पालकांना १९८५ पासून पुढच्या शाळाही काढाव्या लागल्या. आपल्याकडे ती वाट अवघड आहे, प्रश्न १९ पाहा.

६. आजीला अंगणवाडीत बोलावलं, तर ती करणार काय? तिला शिकवता कुठं येतं?

शिकवता येत नाही हेच चांगलं. तिला फळ्यापुढे उभं करून ‘आजी, मुलांना काहीतरी सांगा’ म्हटलं की ती दोन मिनिटांत गप्प होते आणि मुलं जांभया देतात. तिला काम द्या.

चैत्रात मोह पडतो तेव्हाचं उदाहरण घ्या. आजी सूप घेऊन अंगणवाडीच्या ओट्यावर बसते, पुढ्यात वाळलेली मोहफुलं. चार-पाच पोरं भोवती. काडी-कचरा वेगळा, फुलं वेगळी, काळी पडलेली आणखी वेगळी. आजीचा हात चालू आणि तोंडही : हे इकडे टाक, ते नको, अजून आण, किती झाले, कोणी सांडलं? एक पोर मूठभर फुलं तोंडात कोंबतं आणि आजी त्याला रागे भरते. ते रागे भरणं चित्रकार्डाच्या गठ्ठ्यापेक्षा मोलाचं आहे. आज्ञा, नकार, कोणी-कोणाला-कधी, सगळं त्या चार वाक्यांत येऊन जातं आणि पोराला ते समजून घ्यावंच लागतं, कारण पाठीत धपाटा बसायची शक्यता असते. दुसरं पोर ढीग मोजायला लागतं, चुकतं, आजी मधेच दुरुस्त करते. अर्धा-पाऊण तास असाच जातो.

या वेळात सेविकेने बाजूला बसून गप्प राहायचं. हे सगळ्यात कठीण असतं. ‘सांगा बरं मुलांनो, याला मराठीत काय म्हणतात?’ असं मधे टाकायची आपल्याला भारी हौस.

मेळघाटात मोहाच्या जागी कुटकी पाखडणं चालेल. कोलाम पोडावर (वस्तीवर) झाडू बांधणं, टोपलीचे कामटे सोलणं. आजोबाही चालतात. मासे धरायचं जाळं दुरुस्त करणारा म्हातारा पोरांना फार आवडतो.

फुकट मात्र राबवू नका. ज्या बाईची रोजी बुडते तिला बोलावणं बरोबर नाही. जेवण द्या, आणि जमेल तिथे मानधन. त्यासाठी प्रश्न १८.

७. किती वेळ पुरेल?

घरी भाषा चालू असेल तर अंगणवाडीतला निम्मा वेळ पुष्कळ झाला. घरी बंद असेल तर अंगणवाडीचा जवळजवळ सगळा वेळ द्यायला हवा, आणि तरी घरून थोडी साथ लागेलच. आठवड्यातून एक ‘गोंडी दिवस’ ठेवून काही होत नाही. त्यापेक्षा रोजची एक ठरलेली वेळ पकडा. अमृत आहार या पोषण योजनेतलं उकडलेलं अंडं मिळतं त्या दिवशी ते सोलायची वेळ उत्तम : हात गुंतलेले, पोरं जागेवर, आणि बोलायला विषय समोरच. त्या वेळी मराठी बंद.

८. आमच्या सेविका ताईला भाषाच येत नाही. मग?

आधी मदतनीस बाईकडे बघा. बहुतेक ठिकाणी तिला येते, आणि पोरांचं खरं बोलणं तिच्याशीच चालतं. तिला फक्त झाडू आणि चुलीपुरतं ठेवू नका. रोजचा गोष्टीचा वेळ तिच्याकडे द्या.

सेविकेने भाषा शिकावी, आणि शिकताना पोरांना दिसावी. बाईला आपली भाषा शिकायची आहे, ती चुकते, आपण तिला सुधारतो, यात पोरांना केवढी गंमत वाटते! एक वही करा : रडणं, दुखणं, भूक, शी-शू, भांडण, घरी जायचंय. आधी हे. फळाफुलांची नावं नंतर.

नवीन नेमणूक असेल तर जाहिरात नीट वाचा. अंगणवाडीतली निम्म्याहून जास्त मुलं मराठीशिवाय दुसरी एखादी भाषा बोलणारी असतील, तर मराठीसोबत ती भाषा येणारी बाई घ्यायची, अशी अट राज्याच्या भरती नियमांत आहे. गोंडी आणि कोरकूचं नावही त्या यादीत येतं. निम्म्याहून जास्त मुलं ती भाषा बोलतात हे कागदावर असेल तरच अट लागते. म्हणून गावाने आधीच यादी करून ठेवावी आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी. नेमणूक झाल्यावर ओरडून फायदा नाही.

९. एकाच अंगणवाडीत गोंडाची, बंजाऱ्याची आणि मराठी घरची पोरं आहेत. कोणाची भाषा धरायची?

एक धरायची आणि बाकीच्या दाबायच्या, असं करू नका. रांगेत उभं करणं, प्रार्थना, हजेरी मराठीत चालू द्या. खेळाच्या आणि कामाच्या वेळी गट आपापल्या भाषेत राहू देत. प्रत्येक भाषेची एक आजी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आली तरी पोरं एकमेकांची गाणी उचलतात. कोरचीकडे हलबी आणि छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली असं असणारच, पोरांना त्याचा त्रास नसतो. त्रास मोठ्यांना असतो : ‘आमच्या पोराला त्यांची भाषा कशाला?’ या बैठकीला चहा जास्त लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

एखाद्या भाषेचं एकच मूल असेल तर गट होत नाही. तेव्हा त्याच्या रडण्या-मागण्याचे शब्द बाईला येणं ही किमान गोष्ट आहे (प्रश्न ८ मधली वही).

१०. गोंडी लिपी आधी शिकवायची की देवनागरी?

तीन ते सहाच्या वयात कोणतीच नाही. हे वय कानांचं आणि तोंडाचं आहे.

मोठ्यांसाठी माहिती : गोंडीसाठी दोन लिप्यांची नावं जास्त ऐकू येतात. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी, आणि आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांमधली गुंजाळा गोंडी. पहिली २०१७ मध्ये आणि दुसरी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. दोन्हींचा अभिमान वाटणं साहजिक आहे. ग्रामसभेच्या फलकावर लिहा, तरुणांचे वर्ग घ्या. पण लिपीचा वाद मिटेपर्यंत पोरांशी बोलणं थांबवलं, असं करू नका. पुढे शाळेत देवनागरी येणारच, आणि तिच्यात गोंडी-कोरकू वाचता येते.

११. पुस्तकातली गोंडी आमच्या गावच्या गोंडीसारखी नाही. कोणती खरी?

तुमची. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने आणि इतरांनी साहित्य काढलंय, ते जरूर मागवा; पण धानोऱ्याची गोंडी आणि आदिलाबादकडची गोंडी यांत फरक राहणारच. चित्रं वापरा, शब्द आपल्या गावचे बोला. पुस्तकात वेगळा शब्द असेल तर ‘तिकडे असं म्हणतात’ एवढंच सांगा.

१२. दरवर्षी स्नेहसंमेलनात आम्ही मुलांना मोरपिसं लावून रेला नाचवतो. ते पुरेसं नाही का?

नाही. रेला हा गोंडी नाच चांगला आहे, चालू ठेवा. पण ज्या पोराला गाण्यातला एकही शब्द कळत नाही, त्याच्या डोक्यावर पिसं लावून पाहुण्यांपुढे उभं करण्यात संस्कृती कुठे आली? मेळघाटात गादली सुसुन या कोरकू नाचाचंही असंच होतं. गाणं आधी वर्षभर अंगणात, कामाच्या वेळी म्हणू देत. सण आपल्या महिन्यातच साजरा करा, पाहुण्यांच्या तारखेला नको.

१३. आजीची गाणी आणि गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून पोरांना लावल्या तर चालेल का?

रेकॉर्ड जरूर करा, पण ते मोठ्यांच्या शिकण्यासाठी आणि साठवणीसाठी. पडद्यावरून लहान मूल भाषा उचलत नाही, कारण पडदा त्याला उत्तर देत नाही. अपवाद प्रश्न १४ मध्ये आहे.

रेकॉर्ड करण्याआधी विचारा, आणि नुसतं गाणाऱ्या बाईलाच विचारून भागत नाही. काही गाणी मरणाची असतात, काही देवाची, काही विशिष्ट कुळानेच म्हणायची. गोंडांच्या कुळांच्या कथा परंपरेने परधान समाजाचे गायक किंगरी या तंतुवाद्यावर गातात. तो त्यांचा मान आणि पोटही आहे. मेळघाटात भूमकाला (कोरकू पुजाऱ्याला) विचारल्याशिवाय पूजेचं काही उचलू नका. पाळण्याची, कामाची, खेळाची, चिडवाचिडवीची गाणी बहुधा मोकळी असतात आणि अंगणवाडीला तीच लागतात. इंटरनेटवर टाकायचं असेल तर वेगळी परवानगी घ्या. एकदा गेलेलं परत येत नाही.

१४. दिवाळीनंतर अर्धं गाव कामाला बाहेर जातं. पोरं वीटभट्टीवर, शेतावर. तेव्हा काय?

इथे सगळ्या योजना गळपटतात. सोबत गेलेल्या पोराच्या कानावर दिवसभर हिंदी किंवा सपाटीची मराठी पडते. गावी आजीजवळ राहिलेल्या पोराची भाषा उलट पक्की होते, पण आईबाप दूर. दोन्हीत काही हरवतंच.

त्यातल्या त्यात काय करता येतं? एका गावचे लोक बहुधा एकाच मुकादमाबरोबर, एकाच ठिकाणी जातात. त्यांच्यासोबतच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईने किंवा मोठ्या मुलीने झोपड्यांजवळ पोरांना एकत्र बसवलं तरी ते भाषेचं घरटंच झालं (प्रश्न ५). ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली होती, तीच चाल. आणि इथे मोबाइल उपयोगाचा आहे : गावच्या आजीने नातवाला त्याचं नाव घेऊन पाठवलेला आवाजी निरोप आणि नातवाने दिलेलं उत्तर. यात उत्तर आहे, म्हणून हे पडद्यावरच्या गाण्यापेक्षा वेगळं.

मेळघाटात होळीला लोक परततात. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण तोच. त्या दिवसांत अंगणवाडीने वजन-उंचीच्या नोंदींपुरतं न राहता पोरांना आजीआजोबांत सोडावं. तेवढ्या दिवसांत राहिलेलं पुष्कळ भरून निघतं.

१५. पोरगं समजते सगळं, पण उत्तर मराठीतच देते. काय करू?

रागावू नका, ‘गोंडीत बोल!’ असा हुकूम देऊ नका आणि चारचौघांत परीक्षा घेऊ नका. ‘पाहुण्यांना कोरकूत म्हणून दाखव’ म्हटलं की पोर पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

तुम्ही मात्र भाषा बदलू नका. ते मराठीत बोललं तरी तुमचं उत्तर कोरकूत. त्याने ‘मला भाकर दे’ म्हटलं की तेच वाक्य सहज कोरकूत म्हणत भाकर द्यायची, अडवून धरायची नाही. मग अशी गरज तयार करा की जिथे मराठी चालतच नाही : जिला खरंच मराठी येत नाही अशा मावशीकडे चार दिवस, किंवा त्याच्यापेक्षा लहान भाचरू सांभाळायला देणं. पोरं लहानांशी बोलताना आपोआप घरच्या भाषेवर येतात. मोठी भावंडं शाळेतून मराठी घेऊन येतात आणि धाकट्यांशी तीच बोलतात, घरातली भाषा बहुधा इथूनच फुटते. म्हणून थोरल्या मुलीला आधी हाताशी धरा.

१६. लेकरू तीन वर्षांचं झालं, नीट बोलत नाही. दोन भाषांमुळे गोंधळलं असेल का?

दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. दोन्हींची सरमिसळ करणं हेही दुखणं नाही, मोठी माणसंही करतातच. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. नुसते मराठी मोजले तर चांगलं पोरही मागे दिसतं.

पण भाषेवर ढकलून खरी अडचण लपवू नका. हाक मारल्यावर वळत नाही, कान वाहतो, दोन वर्षं उलटली तरी कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नाही, येत होतं ते बोलणं बंद झालं, असं काही असेल तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना दाखवा. त्याआधीच शंका असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तपासणाऱ्याला घरची भाषा सांगा आणि ती येणारं माणूस सोबत न्या. ‘घरी फक्त मराठी बोला’ असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. आईला जी भाषा मोकळेपणी येते, तिच्यातच पोराला जास्त बोलणं ऐकायला मिळतं.

१७. आमच्याकडे आदिवासी भाषा नाही, आम्ही वऱ्हाडी (किंवा झाडीबोली) बोलतो. आम्हाले हे लागू हाय का?

तत्त्व तेच. ‘काऊन’ म्हणणाऱ्या पोराला दर वेळी ‘का म्हण’ असं टोकलं तर ते बोलणं कमी करतं. पुस्तकाची मराठी त्याच्या कानावर गोष्टीतून पडू द्या. फरक एवढाच की वऱ्हाडी पोराला पुस्तक निम्मंअधिक आधीच कळतं. कोरकू पोराला काहीच कळत नाही. म्हणून माणसं आणि पैसा कमी असेल तर आधी तिकडे.

१८. परवानगी आणि पैसा कुठून?

सेविकेने मुलांशी त्यांच्या भाषेत बोलायला कोणाचीही परवानगी लागत नाही. हे लक्षात ठेवा, कारण अर्धे लोक इथेच अडतात. पर्यवेक्षिकेने विचारलं तर २०२० चं शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा दोन्ही मातृभाषेचाच आग्रह धरतात, हे सांगा. ‘आकार’ या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमातल्या कृती तशाच ठेवून भाषा बदलता येते.

गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तसा ठराव घ्या : आजींची नावं, दिवस, मानधन. पेसा गावांना मिळणाऱ्या पाच टक्के अबंध (ग्रामसभेने खर्च ठरवायच्या) निधीतून शिक्षणाच्या कामावर खर्च करता येतो. क्षेत्राबाहेरच्या गावांनी ग्रामपंचायत विकास आराखड्यात हे काम घालावं, आणि महिला-बालकल्याणाच्या दहा टक्क्यांचा हिशोब विचारावा. हा हिशोब विचारला की ग्रामपंचायतीत जरा शांतता पसरते, तरी विचारावा.

१९. आम्ही गावानेच आमच्या भाषेची शाळा काढली तर?

वयावर अवलंबून आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा आहे. त्याखालच्या मुलांना गावाने आजीभोवती एकत्र बसवणं म्हणजे त्या कायद्यातली ‘शाळा’ नव्हे. अंगणवाडी बंद करू नका मात्र. आहार, लसीकरण, नोंदी तिथेच असतात. तिच्याच आवारात, तिच्याच वेळेत करा.

पहिलीपासून पुढे गेलात की मान्यता लागते. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर त्याच कायद्याच्या कलम १८ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिच्या मान्यतेचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. गावाची हिंमत मोठी. पण तुमच्या गावाला ती वाट धरायची असेल तर पहिल्या दिवसाच्या आधी वकिलाशी बोला.

२०. गोंडी आठव्या अनुसूचीत नाही, मग सरकार का मान्य करेल?

संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. संथाली आणि बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीने आल्या. गोंडी किंवा कोरकू त्यात नाही. पण मातृभाषेतून शिक्षणाचं कलम ३५०-क (प्रश्न ३) अनुसूचीतल्या भाषांपुरतं नाही. अनुसूचीची मागणी करायची ती करा. अंगणवाडी त्यासाठी थांबत नाही. ओडिशाने २००६ च्या सुमारास आदिवासी भाषांतून प्राथमिक वर्ग सुरू केले, त्यातल्या बहुतेक भाषा अनुसूचीत नव्हत्या.

२१. आमच्या गावात आता कोणालाच येत नाही. आजीलाही नाही. तरी काही होईल का?

रोज बोलणारं माणूस नसेल तर अंगणवाडीतून बोलणारी पोरं तयार होणार नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. चार गाणी, नात्यांची नावं, ‘सेवा जोहार’ हा नमस्कार आणि आकडे एवढं होईल. तेही करा, पण त्याला भाषा आली असं म्हणू नका, नाहीतर दोन वर्षांनी सगळे निराश होतात.

खरं काही करायचं असेल तर माणूस आणा. सोयरीक कामाला येते. सपाटीवरच्या गोंड घरात भामरागडकडची नाही तरी धानोरा, कोरची किंवा जिवतीकडची सून, मामी, आत्या कोणीतरी असतेच, आणि ती इथे येऊन मराठी बोलायला लागलेली असते, कारण सासरी तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कोणी नाही. आधी ती शोधा. तिला विचारा की तिच्या स्वतःच्या पोरांशी ती कोणत्या भाषेत बोलते. मराठीत बोलत असेल तर पहिलं काम तिच्या घरापासून, आणि सासूने त्याला हसायचं नाही हे आधी ठरवून घ्या. तिचं पोर, शेजारची तीन-चार पोरं, दुपारचा ओटा, एवढ्यावर सुरुवात होते. उन्हाळ्यात ती माहेरी जाईल तेव्हा शक्य असेल तर ती पोरंही सोबत पाठवा. प्रवासखर्चासाठी प्रश्न १८ मधल्या निधीबद्दल विचारता येईल. बहुतेकदा तो घरूनच करावा लागतो.